मुठीत मावणारा केक

हॅना ग्लास यांचं पाककृतींचं पुस्तक लंडनमध्ये 1747 साली निघालं. त्यातली पाउंड केकची कृती वाचताना आजही दंड भरून येतात. एक पाउंड लोणी मातीच्या भांड्यात हातानं, एकाच दिशेनं फेसत राहायचं. ते दाट आणि हलकं झालं की त्यात बारा अंडी घालायची, पांढरं मात्र निम्म्याच अंड्यांचं. मग एक पाउंड मैदा, एक पाउंड साखर, आणि हे सगळं एकत्र करून तासभर फेटायचं. हातानं, नाहीतर मोठ्या लाकडी चमच्यानं. यीस्ट नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर तर अजून जन्मालाही आलेली नव्हती. केक फुगायचा तो फेटणाऱ्याच्या मनगटातल्या ताकदीवर. त्यानंतर भट्टीत आणखी तासभर, आणि तेवढा वेळ भट्टी तापलेली राहील एवढं सरपण.

ही कृती डोळ्यांसमोर ठेवली की कपकेकची थोरवी कळते. मला कपकेक फार आवडतो. त्याची चव, त्याचा आकार, त्याचा कागद सोलताना सुटणारा वास, सगळंच. पण लोक त्याच्याकडे मुलांच्या वाढदिवसाला मांडायची रंगीत शोभा म्हणून बघतात, ते मला पटत नाही. कपकेक घडला तो कष्ट, वेळ आणि जळण वाचवण्याच्या गरजेतून. त्याचं लहानपण हेच त्याचं शास्त्र आहे. या प्रकरणात मला तेच उलगडून दाखवायचं आहे.

अमेलिया सिमन्स यांनी 1796 साली कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक छापून घेतलं. अमेरिकन लेखणीतून उतरलेलं आणि अमेरिकेतच छापलेलं हे पहिलं ज्ञात पाकपुस्तक. मुखपृष्ठावर त्यांनी आपली ओळख अमेरिकन अनाथ एवढीच करून दिली आहे. त्या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती सापडते. अर्धा पाउंड साखर, अर्धा पाउंड लोणी आणि दोन पाउंड मैदा. शिवाय वाइन, गुलाबपाणी, जायफळ, दालचिनी, मनुका, आणि फुगवायला दारूच्या गाळापासून केलेलं घरगुती यीस्ट. प्रमाण नीट बघितलं तर मैदा लोण्याच्या चौपट आहे. म्हणजे आजच्या जिभेला हा केक कमी आणि गोडसर पाव जास्त वाटला असता. तरीही मोठ्या साच्याऐवजी लहान कपांत मिश्रण ओतून भाजायची कल्पना तिथे छापील स्वरूपात आली, आणि ती एका साध्या घरकाम जाणणाऱ्या बाईच्या पुस्तकात आली, याचं मला फार अप्रूप आहे.

पुढचं पाऊल 1828 चं. फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली यांनी मिसेस गुडफेलो यांच्या पाकशाळेत शिकलेल्या गोष्टी पुस्तकरूपात आणल्या. पुस्तकाच्या नावातच 75 पाककृतींचा उल्लेख होता आणि त्यातल्या एका कृतीचं नाव होतं कप केक. हा केक आजच्या गुलाबी-पांढऱ्या कपकेकचा चुलता शोभणार नाही इतका वेगळा. पाच अंडी, दोन मोठे कप काकवीसारखा मोलॅसिस, तेवढीच तांबूस साखर, तेवढंच लोणी, एक कप दूध, पाच कप मैदा, अर्धा कप ऑलस्पाइस आणि लवंगांची पूड, अर्धा कप सुंठ. काळसर, झणझणीत मसालेदार केक, आणि तो लोणी लावलेल्या लहान साच्यांत भाजायचा. माझ्या दृष्टीनं या कृतीतली खरी क्रांती मापात आहे. पाउंड नाहीत, तराजू नाही. घरात जो कप हाताशी आहे त्यानंच सगळं मोजायचं.

मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे शिऱ्याला एक वाटी रवा, कडबोळ्यांना दोन वाट्या भाजणी असंच तर शिकवलं जातं. वाटी कोणाची केवढी, हे कोणी विचारत नाही, कारण प्रमाण एकमेकांशी बांधलेलं असतं. कपाची रीतही तीच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या रीतीनं एक सुटसुटीत पाढा जन्माला घातला: एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी. पुढे त्यात एक कप दूध आणि थोडी बेकिंग पावडर आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही पाठ होईल असा हा केक.

इथे एक बारीक गोम आहे. लोणी, साखर, मैदा कपाबरोबर लहानमोठे होतात, अंडं होत नाही. वाटी लहान घेतली तर चार अंडी जास्त होऊन केक रबरी होतो आणि वाटी मोठी घेतली तर मिश्रण बांधून धरायला अंडं कमी पडतं. म्हणून या पाढ्यात कपाचा आकार हळूहळू ठरून गेला. फॅनी फार्मर यांनी 1896 साली बॉस्टन कुकिंग स्कूलचं पुस्तक काढलं आणि कप शिगोशीग न भरता सुरीनं वरचा ढीग सपाट करून मोजायचा, ही शिस्त घराघरांत पोचवली. आजचा अमेरिकन कप साधारण 237 मिलिलिटरचा. त्या मापानं लोणी 227 ग्रॅम, साखर 400 ग्रॅमच्या आसपास आणि मैदा साडेतीनशेहून थोडा अधिक भरतो. त्यात दोन डझन कपकेक होतात. मी स्वतः आता वजनकाटाच वापरते, पण मुलींना शिकवताना सुरुवात कपानं करते. प्रमाण एकदा मनात बसलं की मग काट्याचा खरा उपयोग समजतो.

मनगटाचे कष्ट मात्र कपानं वाचले नाहीत. ते वाचले खारामुळे.

लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून पोटॅश काढतात. ते शुद्ध केलं की पर्लॅश, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. अमेरिकेत 1790 साली दिलं गेलेलं सगळ्यात पहिलं पेटंट सॅम्युएल हॉपकिन्स यांना पोटॅश आणि पर्लॅश करण्याच्या पद्धतीबद्दलच मिळालं आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही होती. काच, साबण यांच्या कारखान्यांना लागणारा हा खार सिमन्सबाईंच्या पुस्तकात बिस्किटं आणि जिंजरब्रेड फुगवायला वापरलेला दिसतो. पापडात पापडखार घालणाऱ्या आपल्या घरांना खाराची ओळख जुनीच. पण पापडात तो जे करतो त्याहून वेगळं काम केकमध्ये होतं. ताक, मोलॅसिस, लिंबू असं काही आंबट भेटलं की कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि मिश्रण वर उचललं जातं. पर्लॅशची जागा मग खाण्याच्या सोड्यानं घेतली. आंबट पदार्थ किती आंबट आहे यावर मात्र सगळं अवलंबून राहायचं. जास्त सोडा झाला की केकला साबणासारखी चव.

त्यावर तोड निघाली ती आम्ल आणि सोडा कोरड्या स्वरूपात एकत्र करून. बर्मिंगहॅमचे अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नसे. या रसायनज्ञ नवऱ्यानं तिच्यासाठी 1837 मध्ये अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर बनवली आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर. पाकशास्त्राच्या इतिहासात इतकी प्रेमळ कारणं फार वेळा सापडत नाहीत. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 साली मोनोकॅल्शियम फॉस्फेट या आम्लाचं पेटंट घेतलं आणि ऱ्होड आयलंडमधल्या रमफर्ड केमिकल वर्क्समध्ये त्याचं उत्पादन सुरू केलं. हे आम्ल सुरुवातीला हाडांपासून काढलं जायचं. ग्लासबाईंचा फेटण्याचा तास काही मिनिटांवर आला तो या पांढऱ्या भुकटीमुळे.

तरीही लोणी-साखर फेसणं सुटलेलं नाही आणि त्याचं कारण मला बेकिंगमधलं सगळ्यात सुंदर कारण वाटतं. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही. मिश्रणात आधीपासून अडकलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांत तिचा वायू शिरतो आणि ते मोठे होतात. बुडबुडे किती आणि केवढे, हे ठरतं लोणी आणि साखर फेसताना. साखरेच्या कणांच्या धारदार कडा लोण्यात शिरतात आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी हवा आत ओढून घेतात. लोणी फार थंड असेल तर कण आत शिरत नाहीत, वितळलं असेल तर हवा धरून ठेवत नाही. 18 ते 20 अंश सेल्सिअसचं लोणी उत्तम. पुण्या-मुंबईच्या एप्रिल महिन्यात स्वयंपाकघर तिशीच्या वर असतं, त्यामुळे लोणी बाहेर मऊ करत ठेवा ही परदेशी पुस्तकांतली सूचना आपल्याला घातक. मी लोणी फ्रीजमधून काढून तुकडे करते आणि लगेच फेसायला घेते. मिक्सरच्या पात्यांची ऊब त्याला पुरते. साखरेचंही तसंच. आपली बाजारातली साखर जाड दाण्याची, तिचे कण कमी पडतात. अगदी पिठी केली तर कडाच उरत नाहीत. म्हणून मिक्सरमध्ये एक-दोन झटके देऊन रव्याइतकी बारीक करावी आणि थांबावं.

आता ओव्हनचं दार लावू. आत जे घडतं त्यात कपकेकचा लहान आकार खरा कामाला येतो.

20 सेंटिमीटर व्यासाचा आणि 5 सेंटिमीटर उंचीचा केक घ्या. त्याचं आकारमान साधारण 1570 घन सेंटिमीटर आणि एकूण पृष्ठभाग 940 चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटर मिश्रणामागे 0.6 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. आता साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा, 4 सेंटिमीटर उंच कपकेक. हेच गणित केलं तर 1.2 येतात, म्हणजे साधारण दुप्पट. उष्णता पृष्ठभागातून आत जाते, त्यामुळे कपकेकच्या गाभ्याला ती चहूबाजूंनी आणि लवकर भिडते. मोठ्या केकला 175 अंशांवर अर्धा-पाऊण तास लागतो तिथे कपकेक 18 ते 20 मिनिटांत तयार. मोठ्या केकची कड कोरडी पडेपर्यंत मध्यभाग कच्चा राहण्याचं जे दुखणं असतं, ते इथे जवळजवळ नाहीच. सरपणाची भट्टी असलेल्या बाईला हा फरक किती मोलाचा वाटला असेल!

त्या वीस मिनिटांत बरंच घडतं. लोणी वितळतं, मिश्रण पातळ होतं, बुडबुडे फुगू लागतात. त्यांत हवा असते, कार्बन डायऑक्साइड असतो आणि पाण्याची वाफही येऊन मिळते. साठ अंशांच्या पुढे अंड्यातली प्रथिनं घट्ट व्हायला सुरुवात होते. मैद्यातला स्टार्च नुसत्या पाण्यात याच सुमाराला फुगतो, पण साखर पाणी अडवून धरते, त्यामुळे केकमध्ये त्याला ऐंशीच्याही पुढे जावं लागतं. केकमध्ये साखर गोडव्यापुरती नसते, ती हा उशीर घडवून आणते. त्या उशिरामुळेच बुडबुड्यांना फुगायला सवड मिळते आणि जाळी नाजूक येते. साखर निम्मी केली तर केक कमी गोड होतो एवढंच नाही, तो जाडसर आणि बसकाही होतो. आहाराच्या काळजीनं साखर कमी करणाऱ्यांना मी नेहमी सुचवते की कपकेक लहान करा, साखर फार कमी करू नका.

कपकेकला घुमट का येतो, हेही याच घड्याळात आहे. कडा आधी घट्ट होतात, मधला भाग अजून पातळ असतो आणि तो वर सरकतो. ओव्हन फार गरम असेल तर कडा फारच लवकर बंद होतात आणि मधला भाग शेंडी काढून फुटतो. सपाट डोकं हवं असेल तर 160 ते 165 अंश ठेवावेत आणि साचा दोन-तृतीयांशच भरावा. भाजून झाल्यावर पाचेक मिनिटांत कपकेक साच्यातून जाळीवर काढावेत. आत राहिले तर वाफ कोंडून कागद ओला होतो आणि सुटून येतो. आपला मैदा केकसाठीच्या परदेशी पिठापेक्षा ताकदीचा असतो, म्हणून कपामागे दोन चमचे मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लॉवर घालण्याची युक्ती आपल्या बेकर मंडळींत रुळली आहे. ती खरोखर उपयोगी आहे. मैदा घातल्यावर मिश्रण फार ढवळलं तर ग्लुटेन ताणलं जातं आणि आत बोगदे पडतात.

मफिन वेगळा. त्यात लोणी-साखर फेसत नाहीत, ओलं आणि कोरडं मिश्रण जेमतेम ढवळून एकत्र करतात आणि लगेच भाजतात. साखर आणि लोणीही कमी. मफिन न्याहारीचा, कपकेक मिठाईच्या घराण्यातला. इंग्लंडमधले फेअरी केक हे कपकेकचे धाकटे भाऊ, बहुधा वर पातळ साखरेचा थर असणारे.

विसाव्या शतकात कारखान्यांनी कपकेक हाती घेतला. अमेरिकेत होस्टेस कपकेक 1919 साली आला. 1950 मध्ये डी. आर. राइस यांनी त्यात क्रीम भरलं आणि वर पांढऱ्या साखरेची वळणदार रेघ काढली. तो मला फारसा भावत नाही, टिकाऊपणासाठी त्याची चव खर्ची पडली आहे. खरी लाट आली ती न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवरून. अॅलिसा टोरी आणि जेनिफर अॅपेल यांनी 1996 साली तिथे मॅग्नोलिया बेकरी उघडली. फिक्या गुलाबी, निळ्या बटरक्रीमचे घरगुती दिसणारे कपकेक. ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेतल्या दोन मैत्रिणी 2000 सालच्या एका भागात या दुकानाबाहेर बसून कपकेक खाताना दिसल्या आणि गल्लीत रांगा लागल्या. कॅन्डेस नेल्सन यांचं स्प्रिंकल्स हे दुकान बेव्हर्ली हिल्समध्ये 2005 ला उघडलं. 2012 मध्ये त्यांनी एटीएमसारखं यंत्र बसवलं, ज्यातून मध्यरात्रीही कपकेक निघे. याच काळात क्रम्ब्स या साखळीनं मोठाले, क्रीमनं लदलेले कपकेक विकले, 2011 मध्ये तिचे समभाग नॅसडॅकवर आले आणि जुलै 2014 मध्ये तिची सगळी दुकानं एकदम बंद झाली. दुकानं बंद पडण्याची कारणं अर्थातच अनेक असतील. पण चवीपुरतं माझं मत ठाम आहे: केकपेक्षा क्रीम उंच झालं की कपकेक हरवतो. वरचा थर बोटाच्या एका पेराएवढा, बस्स. वीस मिनिटांत इतक्या मेहनतीनं घडवलेली जाळी मग जिभेला सापडते तरी.

क्रीमबाबत आपल्या हवेचं स्वतःचं म्हणणं आहे. लोण्याचं आयसिंग पंचविशीच्या पुढे ढिलं पडतं आणि 32 ते 35 अंशांत लोणी वितळतं. मुंबईतला मे महिना तिथपर्यंत सहज पोचतो. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक केकवर पामच्या तेलापासून केलेलं नॉन-डेअरी व्हिप क्रीम असतं. ते उभं राहतं, पण त्याला दुधाची चव नाही. आपल्या हवेला शोभणारं खरं उत्तर इराणी मंडळींनी फार आधी शोधून ठेवलं होतं. मुंबईच्या इराणी दुकानांतला मावा केक पाहा: लहान, गोल, कागदात बसलेला, वर क्रीमचा ठिपकाही नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळ 1914 साली सुरू झालेल्या बी. मेरवानचं नाव तर मावा केकशीच जोडलं गेलं. मी त्याला कपकेकच मानते, आणि त्यातला फार वरच्या दर्जाचा. आटवलेल्या दुधातली प्रथिनं आणि दुग्धशर्करा भाजताना सुरेख तांबूस होतात, माव्यातली स्निग्धता केक ओलसर ठेवते आणि वेलची बाकीचं बघून घेते. क्रीमनं जो दुधाळपणा वरून द्यायचा, तो इथे आतच मुरलेला असतो.

ओव्हन नाही म्हणून कुणी अडून बसू नये. कुकरमध्ये मीठ किंवा वाळूचा थर, शिटी आणि रिंग काढलेली, आणि जाळीवर मैदा भुरभुरवलेल्या स्टीलच्या वाट्या. कित्येक मराठी घरांतला पहिला केक असाच झाला आहे. कुकरमध्ये उष्णता मुख्यतः खालून येते, त्यामुळे मोठ्या डब्यातला केक तळाशी करपेपर्यंत वर कच्चा राहू शकतो. वाटीतल्या केकची उंचीच कमी, तो सहज उतरतो. अंडं न खाणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्क घालून, नाहीतर दही आणि सोडा एकत्र करून कपकेक होतात. अंड्याविना जाळी धरून ठेवायला प्रथिनं कमी असतात, म्हणून बिनअंड्याचा मोठा केक मधोमध खचण्याची भीती असते. लहान साच्यात कडांचा आधार प्रत्येक घासाच्या जवळ असतो. बिनअंड्याच्या केकची सुरुवात कपकेकनंच करावी असं मी म्हणते ते यासाठी.

उरलेल्या कपकेकांचं काय? क्रीम नसेल तर फ्रीजमध्ये ठेवू नका. भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात जोरात चालते. केक शिळा लागतो तो त्यामुळे. हवाबंद डब्यात, ओट्यावर, दोन दिवस ते छान राहतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये घालावेत, तिथे ही क्रिया थांबते. मी मात्र एक तरी कपकेक जाळीवर कोमट असतानाच खाते, काहीही न लावता. वरच्या कडेला तेव्हा साखरेचा पातळ कुरकुरीत पापुद्रा असतो. रात्रभरात आतला ओलावा बाहेर येऊन त्याला मऊ करतो, आणि दुसऱ्या दिवशी तो पापुद्रा कुणालाच मिळत नाही.